मोटर जळाली, पैसे पाठव

"जगात जर्मनी आणि भारतात परभणी" ही म्हण आमच्याकडे लहान पोरगंही ऐकवतं. ती कुठून आली यावर परभणीकरांचं एकमत होणं कठीण, तेव्हा तो वाद सोडून देऊ. मला मात्र या दोघांना जोडणारा एक माणूस सापडलाय: गेऑर्ग ओहम. या जर्मन मास्तराने 1827 साली मांडलेला नियम आजही जिंतूर, सेलू, पाथरीकडच्या विहिरींवर मोटरींचा जीव घेतोय :)

पुण्या-मुंबईत नोकरी, पण सातबारा गावाकडे, अशा मंडळींना हा फोन ओळखीचा असेल. "मोटर जळाली रे, जरा पैसे पाठव." आपण मीटिंगमधूनच पैसे पाठवतो, मोटर भरून येते, आणि पुढच्या रब्बीत पुन्हा तोच फोन. एखादा बग दर रिलीजला परत येत असेल तर आपण नुसतं रीस्टार्ट करत बसतो का? लॉग बघतो ना? मग इथेच का नाही?

म्हणून दिवाळीत गावी गेल्यावर काकांना विचारलं, "काका, केबल कितीची टाकलीय तुम्ही?"

"अडीचची. दुकानदार म्हणला, साडेसातच्या मोटरला लई झाली."

दुकानदार काही खोटं बोलत नव्हता. साडेसात एचपीची थ्री फेज मोटर 415 व्होल्टवर साधारण 11 अँपिअर घेते. तेवढ्याने 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जळत नाही. पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला: स्टार्टरपासून मोटर किती लांब? आमच्या आखाड्यापासून विहीर तब्बल 300 मीटर.

आता हिशोब बघा. या केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम, म्हणजे 300 मीटरला 2.2. त्याला 11 अँपिअरने गुणा, थ्री फेजसाठी 1.73 ने आणि पॉवर फॅक्टरच्या 0.8 ने गुणा. उत्तर येतं जवळपास 34 व्होल्ट. एवढं व्होल्टेज वाटेतच गायब! सहाची केबल असती तर फक्त 14 गेले असते. ॲल्युमिनियम घेणार असाल तर दहाची घ्या, तेव्हा कुठे ती तांब्याच्या सहाच्या बरोबरीला येते.

पुरते 415 व्होल्ट येत असते तर एक वेळ चाललं असतं. पण रब्बीत लाईट आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते, आणि डीपीच्या शेवटच्या टोकाला बिचारे 350 व्होल्ट पोचतात. त्यातून 34 वजा करा, उरले 316. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे आता तो उरला 58 टक्के. सहाची केबल असती तर 66 असता. पाणी तर तितक्याच खोलीवरून ओढायचंय. मग मोटर मंदावते, जास्त करंट ओढते, त्यामुळे तारेत आणखी व्होल्टेज पडतं, म्हणून आणखी करंट... झाला की नाही इन्फिनिट लूप? वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं, खेळ खलास.

दुसरा गुन्हेगार म्हणजे जोड. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून वर टेप गुंडाळली की ओलाव्याने तो जोड आतून खराब होत जातो. त्याचा रेझिस्टन्स वाढतो, तो तापतो आणि एक दिवस एक फेज सुटते. उरलेल्या दोन फेजवर करंट साधारण पावणेदोन पट होतो. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने मोटर बंद करायला हवी. पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून तो आधीच डायरेक्ट केलेला असतो. अलार्म वाजतो म्हणून अलार्मच काढून टाकायचा! तिसरी गोष्ट मोटरच्या प्लेटची. तिच्यावर डेल्टा लिहिलं असताना कनेक्शन स्टारमध्ये राहिलं, तर जोर एक तृतीयांशच मिळतो.

एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे. चांगलंच झालं. पण त्यामुळे तारेत वाया जाणारी वीज कुणाच्या खिशाला जाणवत नाही. बिल माफ झालं, ड्रॉप माफ झाला नाही! महावितरणने 2018 साली आणलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीमागे हेच गणित आहे: 11 हजार व्होल्टची लाईन शेताजवळ न्यायची आणि एका डीपीवर एक-दोनच पंप ठेवायचे. कमी दाबाची तार जितकी आखूड, तितकं नुकसान कमी. पण स्टार्टरपासून मोटरपर्यंतची तार आपली, ती आपणच बघायला हवी.

भराईचा खर्च तर आहेच, पण खरा फटका दिवसांचा. गव्हाला पेरणीनंतर 21 दिवसांच्या आसपास, मुकुटमुळं फुटताना पाणी लागतंच. नेमकं तेव्हा आठ दिवस मोटर दुकानात पडून राहिली, तर हुकलेली पाळी नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही.

तेव्हा पुढचा फोन आला की पैसे पाठवाच, पण तीन गोष्टी विचारा. केबल कितीची आणि किती लांब? जोड कशाचे? रिले चालू आहे ना? आणि जमलं तर यंदाच्या बोनसमधून घरच्यांना जाड केबल घेऊन द्या. नव्या मोबाईलपेक्षा जास्त वर्षं टिकेल.