मनीचा डबा

रात्री साडेअकराला मनी बाल्कनीतून लंगडत आत आली. पुढच्या पंजाचं एक नख मुळाशी तुटलेलं, फरशीवर रक्ताचे ठिपके. घरात हाताशी होता तो सर्दीचा बाम आणि पॅरासिटामॉलची पाकिटं. मनीच्या मालकिणीने धुतलेला रुमाल पंजावर पाच मिनिटं घट्ट दाबून धरला. रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. त्यात गॉज, केसांना न चिकटणारी पट्टी, जखम धुवायला सलाइन, बोथट टोकाची कात्री, डिजिटल थर्मामीटर. मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, आपल्याला ताप वाटेल तो मनीचा रोजचा आकडा. तो तिने झाकणाच्या आतून चिकटवला, खाली रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर.

जाड टॉवेलही ठेवला. दुखावलेलं मांजर जिवाभावाच्या माणसालाही चावतं.

डब्यात काय नको, याचा विचार मात्र तिने जास्त केला. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते निकामी करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनही त्याला विषच. मायेपोटी दिलेली अर्धी गोळी काय करू शकते, या विचाराने ती आजही हादरते. घरातली पाकिटं तिने कपाटात कुलूपबंद केली.

आता रोज संध्याकाळी ती मनीला टॉवेलात गुंडाळते, एकेक पंजा बाहेर काढून हलकेच दाबते. मनी अजून गुरगुरते, पण पळत नाही.