वेलस्लीसाहेबांचे बारसे

माणसाचे नाव आत्याने एकदा कानात सांगितले की काम भागते. कुत्र्याचे नाव मात्र साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, दिवसातून दहादा हाकारावे लागते. म्हणून ते अधिक विचाराने ठेवावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आमच्या भुईगावच्या घरी एक तांबूस पिलू आले आणि बोक्यासारखे ऐटीत ओट्यावर बसले. त्याला नाव ‘साहेबी’च हवे, असा चिरंजीवांनी हट्ट धरला. त्यात नवल नाही. दंतकथेतल्या वाघ्याचा पुतळा रायगडावर उभा असताना मराठी माणसाच्या दारात टॉमीच बसतो. पुण्याच्या गादीवर ज्यांनी १८१८ पासून सव्वाशे वर्षे हुकूम गाजवला, त्यांच्यातले नाव घेऊन “बैस!” म्हणण्यात एक गुदगुल्या करणारा आनंद आहे. आणि ‘टॉमी’ हे तर गोऱ्या शिपायाचेच टोपणनाव!

पण भुईगाव म्हणजे सदाशिव पेठ नव्हे. वसईवर १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, फिरंगी गेला. पण इथला ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडीत, आपल्या मराठी बोलीसह राहिला. त्यामुळे चिरंजीव ‘जॉर्ज’ म्हणताच आमची सौ. म्हणाली, “अहो, त्या नावाचे आजोबा रोज आपल्या दारावरून जातात. ‘हड्’ म्हणायचे झाले तर कोणत्या तोंडाने म्हणायचे?”

जॉन, पीटर, थॉमस – एकेक नाव पुढे आले आणि एकेका शेजाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला. ज्या नावाने माणसाचा बाप्तिस्मा झाला, ते कुत्र्याच्या गळ्यात कसे बांधावे? शिवाय ही नावे इंग्रजांची तरी कुठे आहेत? जॉनचे मूळ हिब्रू, पीटरचे ग्रीक. थॉमस हा येशूचा शिष्य इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्याला लागला, अशी परंपरा आहे. तेव्हा खुद्द इंग्लंडात इंग्रजी बोलणारे कोणी नव्हते!

मग अस्सल साहेबी नाव कोणते? ते वसईनेच सुचवले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला, तैनाती फौज पदरी घेतली आणि पेशवाईचे स्वातंत्र्य घालवले. तेव्हा गव्हर्नर जनरल होते लॉर्ड वेलस्ली. नाव ठरले! या नावाने आळीतल्या कोणाच्या आजोबांचा अपमान होत नव्हता.

मराठी जिभेपुढे लॉर्डांचाही टिकाव लागला नाही. आठ दिवसांत शेजारच्या मुलांनी त्यांचा ‘वेल्या’ केला. आता वेल्या दोन्ही घरांच्या केळी राखतो आणि दोन्ही घरच्या भाकऱ्या खातो. तहाचे एक कलम मात्र जसेच्या तसे राहिले आहे : फौज त्यांची, खर्च आमचा.