शाईचा डाग

भाचीच्या डाव्या तळपायावर वाटाण्याएवढा निळा फुगवटा होता. तो बारशालाच सगळ्यांनी पाहिला. आजीने "लास आहे, नशीब काढेल पोरगी" म्हणून निकाल लावला. पुढे मनगटावर, मानेवर, पाठीवर आणखी पाच-सहा उगवले. वर्गातल्या मुली विचारायच्या, शाई सांडली का गं? तीही "हो" म्हणून मोकळी व्हायची.

तेराव्या वर्षी ती एक जिना चढली की भिंतीला टेकू लागली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ५.८. याचं फारसं आश्चर्य कुणाला वाटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय निघाला होता. जिथे निम्म्याहून अधिक मुली फिकट, तिथे आणखी एकीकडे कोण निरखून बघतो? जंतांची गोळी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताईने लोखंडी कढई काढली, अळिवाचे लाडू वळले.

गोळ्या माझ्याच मेडिकलमधून जायच्या. "शौचाला काळं होईल, घाबरू नका," हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून दहादा म्हणतो. ताईलाही म्हणालो. खोटं नव्हतंच ते. पण आतड्यात रक्त झिरपत राहिलं तरी शौच काळंच होतं, फक्त डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं. हे मात्र मी सांगितलं नाही. तेरा वर्षांची मुलगी संडासातली गोष्ट आपणहून थोडीच बोलणार!

दीड वर्षात दोनदा रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. हिमोग्लोबिन चढायचं, पुन्हा घसरायचं. दुर्बिणीतून जठर पाहिलं, ते स्वच्छ निघालं.

उलगडा झाला तो गजकर्णामुळे. मांडीवर चट्टा आला म्हणून ताई तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी चट्टा दोन मिनिटांत उरकला आणि त्यांची नजर मनगटावर थांबली. त्यांनी अंगठ्याने तो निळा फुगवटा दाबला. तो सपाट झाला, कातडी सुरकुतली. अंगठा उचलला तसा तो हळूहळू पुन्हा भरला, ड्रॉपरचं रबर दाबून सोडावं तसा. मग तळपाय, मग मान.

"बाळा, शौचाला काळं होतं?"

"लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना," ताई मध्येच म्हणाली.

"आणि गोळ्या सुरू होण्याआधी?"

भाचीने मान वर केली. "कधीकधी व्हायचं."

या आजाराचं नाव ऐकून हसू येईल: ब्लू रबर ब्लेब नीव्हस सिंड्रोम. त्वचेवरचे असे फुगवटे आणि आतड्यातला रक्तस्राव यांची जोडी गॅस्कॉयेन यांनी १८६० मध्येच नोंदवली होती. नाव दिलं विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी, १९५८ मध्ये. नीलांची घडणच जन्मापासून बिघडलेली असते आणि जे त्वचेवर दिसतं तेच आतड्याच्या अस्तरावरही असतं. जगभरात असे काहीशेच रुग्ण नोंदले गेलेत.

आतलं बघायचं तर लहान आतडं, मोठ्या माणसात जवळपास सहा मीटर. नेहमीची दुर्बीण त्याच्या तोंडाशीच थांबते. म्हणून भाचीने कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळली, अडीच सेंटिमीटर लांबीची. कमरेला रेकॉर्डर बांधून ती दिवसभर वॉर्डात फिरली. सेकंदाला दोन फोटो, आठ तास; हिशेब पन्नास हजारांवर जातो. पडद्यावर गुलाबी भिंतीवर एकामागून एक निळे-जांभळे फुगे आले. ताई मोजत होती. अठराव्यानंतर तिने सोडून दिलं.

इतके फुगे कापून काढणं अवघड. म्हणून सिरोलिमस सुरू झालं, मूत्रपिंड-रोपणानंतर देतात ते औषध. २०१७ मध्ये या फुगवट्यांत टीईके जनुकातले बदल सापडले. त्यामुळे पेशींची जी साखळी नको तितकी चालू राहते, तिलाच हे औषध आवर घालतं. पहिल्या महिन्यात भाचीचं तोंड आलं, तिखट बंद. औषधाची रक्तातली पातळी पुन्हापुन्हा तपासावी लागते, ताप आला तर थांबून चालत नाही. पण आठ महिने झाले, रक्त चढवावं लागलेलं नाही. हिमोग्लोबिन ११ वर आहे.

दिवाळीनंतर लोहाच्या गोळ्या थांबल्या, त्यामुळे आता रंगावर भरवसा ठेवता येतो. रोज सकाळी ताई बाथरूमच्या दाराशी उभी राहून विचारते, "रंग?" आणि आतून वैतागलेला आवाज येतो, "पिवळा गं आई, पिवळा! जा आता!"