अंगावरचा सूर्योदय

अंगावर पाण्यानं उठणारी चित्रं म्हटली की मला गोळ्यांच्या पाकिटातली फुलपाखरं आठवतात. आता त्या जागी थेट क्लोद मोने आला आहे! आमच्या नातीकडे त्याचं एक पाकीटच आहे. त्यात व्हॅन गॉगचं तारांकित आकाशही घुसलंय. तो काही या पंक्तीतला नव्हे. पण पाकीटवाल्यांना पंक्तिभेद मान्य नसावा.

कृती सोपी. कागदावर उलटं छापलेलं चित्र कातडीवर पालथं घालायचं, पाठीवर ओला बोळा अर्धा मिनिट दाबायचा आणि कागद अलगद सरकवायचा. मग ल हाव्र बंदरातला धुकट सूर्य मनगटावर उगवतो.

थोर चित्राची ही विटंबना आहे, असं घरातल्या जाणत्यांचं मत पडलं. मला तसं वाटत नाही. १८७२ सालच्या या सूर्याला मोनेनं 'इंप्रेशन, सनराइज' हे नाव दिलं. १८७४ साली पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत तो मांडला गेला, तेव्हा लुई लरुआ या टीकाकारानं त्याची टर उडवली. भिंतीला चिकटवायचा अर्धाकच्चा कागदसुद्धा याहून पुरा असतो, असा त्याचा टोला होता. त्या चेष्टेतूनच या चित्रकारांच्या संप्रदायाला नाव मिळालं. चिकटवायच्या कागदाशी या सूर्याचं नातं असं जुनंच आहे!

शिवाय मोनेला हवा होता तो सरता क्षण. १८९०-९१ साली गवताच्या गंजी रंगवताना ऊन बदललं की तो कॅनव्हास बदलायचा. आपल्या कातडीचा वरचा थर सारखा झडत असतो, म्हणून हा सूर्यही चार-पाच दिवसांत विरतो. क्षणाच्या चित्राला याहून योग्य भिंत कुठली?

माझ्या आजीच्या हातावर मात्र तुळशीवृंदावन होतं. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती म्हणायची. घर आजोबांचं, पाटल्या सासूबाईंच्या. कुणाला काढून घेता येणार नाही असं तेवढंच तिच्याजवळ होतं. त्यासाठी तिनं गोंदणारणीच्या सुया निमूट सोसल्या होत्या. नातीला असलं काही जपून ठेवावं लागत नाही. खोबरेल तेलाचं बोट फिरवून ती मोनेला खुशाल निरोप देते, आणि दुसऱ्या दिवशी कमळं उमटवते.

आजी असती तर तिनं तो हात उजेडात धरून एकच विचारलं असतं, "दुखलं का गं?" आणि "नाही" म्हटल्यावर तिनं ते गोंदणात धरलंच नसतं.