धोट्यावरचा धाविक

जुळे सोलापूर,
गड्ड्याच्या जत्रेनंतरचा रविवार

चि. छोटीस,


जुन्या वस्तूंवर तू काढलेल्या चित्रांचे फोटो मिळाले. ‘मावशी, मनात येईल ते लिही’ असं म्हणालीस, तर आता ऐकून घे. फोनवर दोन वाक्यं झाली की तू ‘हो गं, कळलं’ म्हणतेस, म्हणून कागद काढला.

हात तुझा चांगला तयार झालाय. घड्याळाच्या डबीत तू जो वेडा राघू बसवलास, त्याच्या शेपटीतून पुढे आलेली ती दोन बारीक पिसं एका फटकाऱ्यात उतरली आहेत. तिथे ब्रश अडखळलेला नाही. पोरांचे चित्रकलेचे कागद तपासण्यात जन्म गेलेल्या बाईला एवढं दिसतं. पण बाकीच्यांत माझं मन लागलं नाही. धोट्यावर खंड्या, अडकित्त्यावर खंड्या, कंदिलाच्या काचेवरही खंड्याच. खंड्या देखणा आहे, निळा रंग खपतो, मान्य. पण धोट्याच्या जागी लाकडी उलथनं असतं तरी तोच खंड्या तिथे तसाच बसला असता. मग धोटा कशाला? त्या वस्तूने चित्राला काही दिलंच नाही, नुसती जागा दिली. जागा द्यायला ड्रॉइंग पेपर आहेच की.

जुळे सोलापुरात बसून मावशीला जुन्या वस्तू कुठे मिळणार, असं तू विचारलंस. या बाजूला घरं नवी आहेत खरी, पण त्यांत राहणारी माणसं पेठांमधून आलेली आहेत. वाटण्या झाल्या, वाडे पडले, मुलांनी आसऱ्याच्या पुलापलीकडे फ्लॅट घेतले. आजीचं फडताळ काही फ्लॅटच्या जिन्यातून वर चढत नाही. मग पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं. पितळेची कुलपं, घासलेटचे दिवे, तराजूची पारडी आणि सोलापूर असल्यामुळे गिरणीचं काही ना काही. 1877 मध्ये जुनी गिरणी निघाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. साऱ्या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. आता त्या गिरण्यांतली एकही चालू नाही. कामगारांच्या घरात तेवढे धोटे, बॉबिनी, कांड्या उरल्या.

आता धोटाच घे. तो हातात धरून नीट पाहिलास का? दोन्ही टोकांना पोलादी टोपणं, पोटात कांडी बसायची पोकळी, बाजूला सूत बाहेर यायला बारीक डोळा. साध्या यंत्रमागावर तो मिनिटाला शंभर-दीडशे वेळा या कडेकडून त्या कडेला फेकला जातो. जी बाजू मागावर घासते ती वर्षानुवर्षांच्या धावण्याने गुळगुळीत होते, कुठल्याही पॉलिशवाल्याला तशी करता येणार नाही. तू नेमका त्याच बाजूवर पांढरा प्रायमर मारलास!

नान्नजच्या माळावर धाविक पाहिल्याचं तुला आठवत असेल. चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. थांबला की मातीत मिसळून जातो. त्याच्या पाठीचा रंग आणि त्या घासलेल्या लाकडाचा रंग यात रंगपेटी पुढ्यात घेऊनही फारसा फरक करता येणार नाही. मग पाठ रंगवायचीच कशाला? लाकूड उघडं ठेव. डोक्यावरची तांबूस टोपी, डोळ्यामागे जाणारी पांढरी आणि काळी पट्टी, फिके उंच पाय, एवढंच काढ. बाकीचा पक्षी धोटाच पुरा करील. सुगरण मात्र काढू नकोस. विणकराच्या हत्यारावर विणणारा पक्षी हे उत्तर इतकं तयार आहे की बघणारा एका क्षणात ‘वा’ म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो.

माळढोकाचंही तेच. सोलापूर म्हटलं की सगळ्यांना माळढोकच काढायचा असतो. मीटरभर उंचीचा, माळावर राजासारखा चालणारा पक्षी तू घड्याळाच्या डबीत कोंबलास की त्याची कोंबडी होते. काही जीव लहान चित्रात मावत नाहीत, हे कबूल करावं. शिवाय 1979 साली माळढोकाचं अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर ते आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर होतं, पुढे कापत कापत बाराशेच्या आसपास आणलं, आणि हल्ली माळढोक एखाददुसरा दिसला तरी पेपरात बातमी येते. तुला त्याच्याबद्दल काही म्हणायचंच असेल तर कुसळी आणि पवन्या गवत काढ, मागे एखादी बाभूळ, वर हिवाळ्यात येणारा भोवत्या. माळढोकाचं नाव मागच्या बाजूला लिही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

तुझ्यासाठी जकार्डची कार्डं मिळवली आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आणि जुन्या कार्डांच्या माळा पोत्यात गेल्या. या कार्डांवर काही काढायच्या आधी ती काय आहेत ते समजून घे. पुठ्ठ्याला जिथे भोक, तिथे सुई आत जाते, आकडा वर उचलला जातो आणि ताण्याचा तो धागा वर येतो. भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. म्हणजे एक कार्ड म्हणजे चादरीतली एक आडवी ओळ. लिऑनच्या जाकारने दोनशे वर्षांपूर्वी काढलेली ही युक्ती. पुढे 1839 मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं, तर त्याला चोवीस हजार कार्डं लागली होती. आपल्या चादरीवरच्या मोराला इतकी लागत नाहीत, पण तुझ्या हातात येणाऱ्या कार्डात कुठल्यातरी मोराच्या पिसाची किंवा गुलाबाच्या पाकळीची एक ओळ आधीच आहे. तिच्यावर रंग थापून भोकं बुजवलीस तर मी पार्सल परत मागवीन. भोकांमधून वाट काढत काहीतरी वाढव. गोखरूचा वेल घे, जमिनीसरपट पसरतो, त्याची पानं जोडीजोडीने येतात आणि फूल नखाएवढं पिवळं असतं. भोकांच्या रांगांमधून तो सहज जाईल.

आता मी काय पाठवणार नाही ते सांगते, त्यावर वाद नको.

बिडीचं पान कापायचे पत्र्याचे तुकडे तू मागितलेस. त्यांच्या कडा झिजून सुरेख होतात, तेंदूच्या पानाशी त्यांचं नातंही आहे, तुझी दृष्टी बरोबर आहे. पण छोटी, ती जुनी वस्तू कुठे झाली? आजही या शहरात हजारो बायका सूप मांडीवर घेऊन त्याच पत्र्याने पान कापतात. चार पैसे जास्त देऊन एखादीच्या हातातला पत्रा घ्यायचा आणि पुण्यात ‘व्हिंटेज’ म्हणून मांडायचा, हे मला जमणार नाही. पत्र्याच्या दुकानातून नवा घेऊन दिला तर तुला चालणार नाही, कारण तो झिजलेला नसेल. यावरून काय ते समज.

दुसरं, ती मोडी लिपीतली खतावणी. पिवळा कागद, उभ्या रेघा, काळी शाई, सगळं सुंदर दिसतं. पण त्यात कोणाचं देणं, कोणाची जमीन, कोणत्या दुष्काळातलं धान्य लिहिलंय हे मला वाचता येत नाही आणि तुलाही. वाचणाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यावर एक गवताची काडीसुद्धा रंगवायची नाही. जुने कोरे कागद वाटेल तेवढे मिळतात. शेवटची चार पानं कोरी ठेवणारे सावकार पुष्कळ होते.

तिसरं, काचेच्या पेटीत तू ठेवलेलं बुलबुलाचं घरटं. पेटी छान आहे, घरटं काढून टाक. 1972 च्या कायद्याने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणं शिकारीतच धरलंय. सोडलेलं होतं म्हणशील, पण पुढचा माणूस सोडलेलं आहे की नाही हे न बघता तुझी नक्कल करील.

पेटीची कल्पना तू जोसेफ कॉर्नेलवरून घेतलीस हे मी ओळखलं. तो पुस्तकातले पोपट-काकाकुवे कापून, जुन्या लाकडी पेटीत फळ्या, स्प्रिंगा, नळ्या यांच्याशेजारी ठेवायचा. 1949 मध्ये न्यूयॉर्कला त्याने अशा पक्ष्यांच्या पेट्यांचं अख्खं प्रदर्शन भरवलं होतं. हा माणूस कधी देशाबाहेर गेला नाही, आई आणि आजारी भावाबरोबर एका साध्या वस्तीत राहिला. त्याच्या पेट्या बघताना मला जुळे सोलापुरातली आमची दुपार आठवते, यात हसण्यासारखं काही नाही. त्याच्याकडून घ्यायचं तर रिकामी जागा घे. त्याच्या काही पेट्यांत पक्षी उडून गेलेला आहे, दांडी तेवढी आहे.

पण कॉर्नेल बघायच्या आधी तू पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात पुन्हा जा. शाळेच्या सहलीत बघितलं ते बघणं नव्हे. दिनकर केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींइतक्याच प्रेमाने टाचा घासायच्या वज्र्या गोळा केल्या, अडकित्ते गोळा केले, दिवे, कुलपं गोळा केली आणि 1975 मध्ये सारा संग्रह सरकारला देऊन टाकला. तिथे वज्रीवर पक्षी बसलेत, अडकित्त्याचा पोपट झालाय, दिव्यावर मोर उभा आहे. या वस्तूंत पाखरू वरून रंगवलेलं नाही, वस्तूतूनच काढलंय. सुपारी धरणारी चोच खरोखर चोचीचं काम करायची. म्हणून अडकित्त्यावरचा तुझा खंड्या मला उपरा वाटला. अडकित्त्याला पक्षी होण्यासाठी तुझी गरज नव्हती.

लहान आकाराचा धडा हवा असेल तर सावंतवाडीचा गंजिफा बघ. दशावतारी गंजिफाच्या गोल पानावर, तळहातात मावेल एवढ्यात, मत्स्य, कूर्म, वराह बसतात, आणि खालच्या पानांवर तेच चिन्ह जितक्या किमतीचं पान तितक्यांदा. खेळणाऱ्याला ते झटकन मोजता आलं पाहिजे, म्हणून चितारी एकही रेघ फुकट घालवत नाही. तुझ्या डब्यांवर पाचोळा, दवबिंदू, फुलपाखरू, सगळं एकदम येतं. निम्मं पूस.

एक गोष्ट मला बरेच दिवस टोचतेय, ती लिहूनच टाकते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा या गावात माणसांनी रिक्षा चालवल्या, भाजीच्या गाड्या लावल्या, पोरांची शाळा सोडवली. त्यांच्या हातातला धोटा आता दिवाणखान्यात मेणबत्ती लावायला घेतात. हे चित्रं काढून सुंदर करावं की करू नये, मला ठरवता येत नव्हतं. आमच्या गल्लीत एक काका आहेत, गिरणीत जॉबर होते. तुझा धोट्याचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी खंड्याकडे बघितलंच नाही. फोटो मोठा करून म्हणाले, ‘टोपण सैल झालंय, हा सूत तोडणारा धोटा. म्हणून घरी आला असणार, चांगला कुणी सोडत नव्हतं.’ मग बराच वेळ मागांबद्दल बोलत राहिले. शेवटी जाता जाता म्हणाले, ‘पाखरू बरं काढलंय पोरीनं.’ मला वाटतं, करायला हरकत नाही. मात्र असा माणूस आधी धोटा बघेल आणि मग पाखरू, एवढी वस्तू चित्राखालून दिसत राहिली पाहिजे.

थोडं कारागिरीचं. धोट्याचं लाकूड तेल प्यालेलं असतं. रंगवायच्या तेवढ्याच जागेवर बारीक पॉलिशपेपर फिरव, स्पिरिटने पूस, दोन दिवस ठेव, नाहीतर ॲक्रिलिक पापुद्र्यासारखं सुटेल. पत्र्यावर आधी गंज काढून रेड ऑक्साइड, आणि तो डब्याच्या आतल्या बाजूलाही. मेणाचं काही वापरू नकोस, आमच्या मे महिन्यात ते वाहून जातं. जुन्या कागदावर पाणी कमी घे, कसर लागलेला कागद वाऱ्यावर ठेवल्याशिवाय घरात आणू नकोस. प्रत्येकाच्या पाठीमागे पक्ष्याचं मराठी नाव, कुठे पाहिलास, आणि वस्तू कुठून आली, हे पेन्सिलने लिहायचं. नावाला अडलीस तर चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ उघड. ते मूळचे आपल्याच सोलापूरचे. विदर्भातल्या जंगलांत हयात घालवली, म्हातारपणी इकडे परतले, आणि 2025 च्या जूनमध्ये इथेच गेले. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती.

भाव कमी लावू नकोस. खंड्याचा धोटा तू ज्या किमतीला लावलायस, त्यात रंगाचे पैसेही निघत नाहीत. धाविकाचा जमला तर विकायच्या आधी इकडे पाठव, काकांना दाखवायचाय.

पार्सल शनिवारी शेजारच्या मुलाबरोबर देते. त्यात कार्डांची एक माळ, दोन धोटे (एक टोपण सैल असलेला मुद्दाम), आणि पितळेचं एक कुलूप आहे. किल्ली नाही. वर शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवली आहे. चटणीचा डबा आईच्या वेळचा आहे, झाकणावर जुन्या कंपनीचं चित्र आहे, तुझे डोळे चमकतील ते मला इथून दिसतंय. चटणी संपली की डबा घासून परत पाठव. त्यावर काही काढू नकोस, मला तो लागतो.

तुझी,
मावशी