पाऊणचा अर्धा किती?



आज रेसिपी नाही आणि व्रतकथाही नाही. आज माझी एक चूक सांगणार आहे, आणि ती कशी निस्तरली तेही.

माझी लेक सहावीत आहे. परवा संध्याकाळी चौविहार आटोपून मी ओटा पुसत होते आणि ती अपूर्णांकांचे गुणाकार करत होती. १/२ × ३/४ चं उत्तर तिने ३/८ काढलं. बरोबरच होतं. मग ती म्हणाली, "मम्मी, गुणाकार केला की संख्या वाढते ना? मग हे उत्तर पाऊणपेक्षा लहान कसं आलं?"

मी म्हटलं, "वरचे वरच्याशी गुणायचे, खालचे खालच्याशी. बस्स." तिने पुन्हा विचारलं, "पण का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ढ आहेस अगदी!"

तिने वही मिटली आणि दादीजवळ जाऊन झोपली.

रात्री प्रतिक्रमणात वचनाच्या दोषांची आलोचना करताना मी अडखळले. खरं सांगू का? तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाच येत नव्हतं. दहावीपर्यंत मी ती रीत घोकली होती, कधीच समजून घेतली नव्हती. माझ्या अज्ञानाचा राग मी लेकरावर काढला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगितलं. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळं तोंडपाठ. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. त्या हसून म्हणाल्या, "अगं, गुणिले म्हणजे 'चा'. पाऊणचा अर्धा. अर्धाच घेतला तर कमीच होणार ना!"

एवढं सोपं! मग मी बेसनाच्या वड्यांचा चौकोनी ट्रे थापला आणि लेकीच्या हातात सुरी दिली.

आधी तिला उभे तीन काप द्यायला लावले. चार सारख्या पट्ट्या झाल्या. त्यातल्या तीन म्हणजे पाऊण. त्या तीन पट्ट्यांवर पिस्त्याचे काप भुरभुरले. मग म्हटलं, "आता या पाऊणचा अर्धा कर." तिने पिस्त्याच्या भागावरूनच मधोमध आडवा काप दिला. सहा तुकडे झाले, त्यातले तीन तिने वेगळे केले आणि म्हणाली, "३/६!"

मैत्रिणींनो, मुलं इथेच चुकतात. ती पाऊणलाच पूर्ण धरतात. मी तिला तोच काप चौथ्या पट्टीतूनही पलीकडे न्यायला सांगितला. आता अख्ख्या ट्रेचे आठ तुकडे दिसले आणि आपल्या वाट्याला तीन. म्हणजे ३/८. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खालचे ४ × २ म्हणजे ट्रेचे सगळे तुकडे. वरचे ३ × १ म्हणजे आपले!"

छेद छेदाशी का गुणायचा, हे मला त्या दिवशी कळलं. वयाच्या चाळिशीत!

रोज वड्या कुठून करणार? म्हणून आता पाठकोरे कागद वापरतो. २/३ × ४/५ हवं असेल तर कागदाच्या उभ्या तीन घड्या घालून दोन पट्ट्या पिवळ्या रंगवायच्या. मग आडव्या पाच घड्या घालून चार पट्ट्यांवर निळ्या रेघा मारायच्या. एकूण घरं १५, दोन्ही रंग असलेली ८. उत्तर ८/१५.

आमच्या घरात कांदा शिजत नाही, पण लासलगावात हिशेब म्हटला की कांदा आलाच. सासऱ्यांनी तिला विचारलं, "ट्रॉलीतला पाऊण माल चांगला निघाला. त्याचा दोन तृतीयांश बाहेरगावी पाठवला. तर ट्रॉलीचा किती भाग गेला?" तिने चार उभ्या, तीन आडव्या पट्ट्या आखल्या. बारातली सहा घरं. "अर्धी ट्रॉली!"

एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. हे गणित आपल्याला परकं नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अपूर्णांकांचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि भागाच्या भागाला 'प्रभाग' असं नाव आहे. पाऊणचा अर्धा म्हणजे प्रभागच! हा ग्रंथ १९६३ मध्ये सोलापुरातून हिंदी अनुवादासह निघाला आहे.

आणि आपली ऊणोदरी? आगमांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळ सांगितला आहे, स्त्रीचा २८. मी लेकीला विचारलं, ३२ चे पाऊण किती? २४. त्याचा अर्धा? १२. तिने वहीत १२/३२ लिहिलं, चारने भागलं आणि ओरडली, "मम्मी, पुन्हा ३/८!"

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर हात जोडले. "त्या दिवशी तुला ढ म्हटलं. मिच्छामि दुक्कडम्." ती लाजली, आणि ट्रेमधली उरलेली वडी अर्धी करून माझ्या हातावर ठेवली.

संवत्सरीला आपण साऱ्या गावाला खमावतो. घरातल्या लेकरांना खमवायचं मात्र राहून जातं. तुमच्याही पोराने "पण का?" विचारलं आणि उत्तर येत नसेल, तर रागावू नका. "चल, दोघी मिळून बघू," एवढंच म्हणा, आणि सुरी त्याच्या हातात द्या.

जय जिनेंद्र.