साठची कॅसेट

१९९०च्या सुमारास पनवेलमध्ये प्रेमात पडलेल्या मुलाला आधी गाण्यांची यादी करावी लागायची. वहीच्या पानावर गाणी लिहायची, चित्रपट आणि गायकासकट, आणि ते पान रेकॉर्डिंगवाल्याकडे नेऊन द्यायचं. तो एवढंच विचारायचा: साठची की नव्वदची? साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. माझ्या खिशाला साठचीच परवडली.

खरा जीव जायचा तो क्रम ठरवताना. पहिलं गाणं फार धीट नको, शेवटचं फार उदास नको. समोरासमोर बोलायची छाती नव्हती, म्हणून जे सांगायचं ते एकापाठोपाठ एक गाण्यांतून सांगायचं. त्या वर्षी 'आशिकी' आला होता. नदीम-श्रवणचं संगीत, कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे आवाज. लाईन आळीतून उरण नाक्यापर्यंत चालत जावं तर दुकानादुकानातून तीच गाणी सोबत करायची. माझ्या कॅसेटची पहिली बाजू त्यांना दिली. दुसरी सगळी अरुण दात्यांची. पाडगावकरांचे शब्द, खळे किंवा देवांची चाल आणि शेजारी बसून बोलावं तसा तो आवाज. साठच्या दशकातला 'शुक्रतारा' तेव्हाच आमच्या आईवडिलांच्या पिढीचा झाला होता, तरी तो आमच्यासाठीच गायलाय याबद्दल मला शंका नव्हती.

दुसऱ्या बाजूची तीस मिनिटं संपली आणि शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात, ओळीच्या मध्यावरच तुटलं. कॅसेट तशीच डब्याच्या पिशवीतून तिच्यापर्यंत पोचली. बऱ्याच दिवसांनी वडाळे तलावाच्या काठानं चालताना तिनं ती परत दिली आणि म्हणाली, "शेवटचं गाणं अर्धंच आहे रे. पुढे काय होतं त्यात?"

बाकीच्या गाण्यांबद्दल ती काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

पुढे तिच्या वडिलांची मुंबईला बदली झाली. हार्बरची लोकल पनवेलला १९९८मध्ये आली; त्याआधी मुंबई म्हणजे एसटी, नाहीतर दिव्याची गाडी. फोन शेजाऱ्यांकडे, तोही निरोपापुरता. दोन पत्रांनंतर तिसरं आलं नाही.

१८५२ची नगरपालिका असलेलं आमचं गाव २०१६मध्ये महानगरपालिका झालं. वडाळे तलावाभोवती आता पायवाट आहे, दिवे आहेत, आणि कानात इअरबड घातलेली जोडपी आहेत. एक त्याच्या कानात, एक तिच्या. त्यांचं गाणं एका क्षणात इकडून तिकडे जातं. त्यात मला काही उणं दिसत नाही. माझी भाचीही कुणासाठी तरी प्लेलिस्ट करते आणि क्रमावरून तितकीच अस्वस्थ होते. फक्त तिच्या यादीला बाजू नाही, बाजू संपणं नाही.

कॅलिफोर्नियातल्या पेटर यानाटा या संशोधकानं २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना त्यांच्या आठ ते अठरा वर्षांच्या काळातल्या गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकवले आणि मेंदूचे स्कॅन घेतले. गाणं ओळखीचं असलं, त्याला आठवण चिकटलेली असली, की कपाळामागचा एक भाग विशेष जागा होई. तीस सेकंद पुरतात, हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. मला तर दोन गाण्यांमधली खरखर पुरते. फोनवर त्या कॅसेटमधलं एखादं गाणं संपतं, अ‍ॅप आपल्या मनानं पुढचं लावतं, पण माझ्या डोक्यात तोवर कॅसेटवरचं पुढचं सुरू झालेलं असतं. तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. क्रम मात्र एका गाण्यानंही चुकत नाही.

अरुण दाते मे २०१८मध्ये गेले. त्या रात्री मी ते तुटलेलं गाणं फोनवर शोधलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. पुढचा भाग सुरेख आहे, कदाचित साऱ्या गाण्यातला सर्वांत सुरेख. पण दुसऱ्या अंतऱ्यातल्या त्या अर्ध्या ओळीपर्यंत ती माझ्यासोबत ऐकत होती. त्यापुढे फक्त दाते गात होते.